लास्ट साइज

जून लागला की मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात इंजिनं जाम होण्याचा हंगाम सुरू होतो. ऊन असं पडतं की डांबर चपलेला चिकटून येतं. अशा उन्हात माणूस स्वतः घटाघटा पाणी पितो, पण गाडीचं ऑइल बघत नाही. मग पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरच्या भिंतीला घासतो, ओरखडे पाडतो आणि गाडी भर रस्त्यात मुक्काम ठोकते. मेकॅनिक इंजिन उघडतो, सिलिंडर पिशवीत घालतो आणि बाबुराव फौजीच्या दुकानात आणून ठेवतो. बाबुरावनं तो आतून कापून पुन्हा गोल करायचा आणि त्याला आधीपेक्षा मोठा पिस्टन बसवायचा. चंदीगडला स्थायिक झाल्यापासून त्या घराचं पोट याच कामावर भरत होतं.

यंदा जून निम्मा सरला तरी दुकानाची फळी रिकामी होती.

बाबुराव मूळचा तासगाव तालुक्यातला. लष्कराच्या वर्कशॉपात त्यानं उभी नोकरी केली. शेवटचं पोस्टिंग जवळच्या चंडीमंदिर छावणीत झालं आणि पेन्शनीत निघाल्यावर गावी जायचं सोडून त्यानं लिलावातलं बोरिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून कापायचं मशीन उचललं आणि इथंच दुकान थाटलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. बायको सरोज सुरुवातीला नुसती चहा द्यायला खाली यायची. मग बाबुरावचा उजवा खांदा धरला, हात कानाच्या वर जाईना, तेव्हा तिनं पदर खोचला आणि होनिंगचं काम अंगावर घेतलं. मशीननं कापलेल्या सिलिंडरात दगड फिरवून बारीक जाळीदार रेघा पाडायच्या, म्हणजे त्यात ऑइल धरून राहतं. मग तो साबणाच्या गरम पाण्यात धुवायचा आणि आतून पांढरं फडकं फिरवायचं. फडकं मळलं की पुन्हा धुवायचा. मुलगी ओजस्विनी शेजारच्या आयटी पार्कात एका कंपनीत नोकरीला होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची.

काम का आटलं, हे मार्केटातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

पिस्टनची मापं ठरलेली असतात. नव्या गाडीचा तो स्टँडर्ड. मग पाव मिलिमीटरनं मोठा, मग अर्ध्यानं, मग पाऊण. शेवटचा पुऱ्या एका मिलिमीटरनं मोठा. त्याच्यापुढं कापायला भिंतच उरत नाही, म्हणून त्याला लास्ट साइज म्हणतात. सिलिंडर साफ होईल तेवढाच कापावा आणि पुढची मापं पुढच्या वर्षांसाठी राखावीत, ही साधी रीत. पण पार्टचे ठोक व्यापारी नरेशजी यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचा माल स्वस्तात उचलला होता, आणि तो सगळा लास्ट साइजचा निघाला. गोदामात छतापर्यंत खोके. मार्केटातले सगळे मेकॅनिक पिस्टन त्यांच्याकडूनच घेत. नरेशजींनी हात आखडला तर दुसऱ्या दिवशी त्यांची कामं अडत.

मे महिन्यात नरेशजी स्वतः लस्सीचे दोन ग्लास घेऊन दुकानात आले होते.

"फौजी साहब, क्यों इतनी मगजमारी करते हो? पच्चीस, पचास, पचहत्तर. सीधा लास्ट मारो. ग्राहक को क्या पता चलता है?"

"मेरे को पता चलता है ना," बाबुराव म्हणाला.

"गाड़ी चलती तो है."

"इस साल चलेगी. अगले साल वो क्या करेगा?"

"अगले साल नया सिलिंडर लेगा. मुझसे ही लेगा." नरेशजी मनमोकळं हसले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. कोपऱ्यात होनिंगचे दगड पुसत बसलेल्या सरोजला तेच जास्त झोंबलं.

"इधर नहीं होगा," बाबुराव म्हणाला आणि लस्सीचा ग्लास न उचलता त्यानं मशीनचं बटण दाबलं. मशीनच्या घरघरीत नरेशजींचं पुढचं बोलणं कोणालाच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मेकॅनिक दुकानावरून मान वळवून जाऊ लागले. मार्केटात बोरिंगची आणखी दोन दुकानं होती. तिथं रांगा लागल्या आणि सगळ्यांना एकच माप. बाबुराव स्टुलावर बसून मशीनला ऑइल देत राहायचा. त्या मशीननं इतकं ऑइल जन्मात प्यायलं नव्हतं.

"लष्करात असता तर एव्हाना लढाई तरी लागली असती," सरोज म्हणायची. "हितं नुस्ता पहारा."

"तू गप बस. येतील झक मारत."

कोणी आलं नाही.

गुरमेल आला तो सकाळच्या पहिल्या उन्हात. रामगडच्या पलीकडल्या गावातून तो रोज मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकवून बावीस सेक्टरच्या हलवायांना दूध घालायचा. घग्गर नदीच्या पुलावर त्याची गाडी जाम झाली होती. मेकॅनिक अभिषेकनं इंजिन उघडून दिलं, पण सिलिंडर घेऊन यायला तो धजावला नाही. त्यानं नुसतं बोट दाखवलं. गुरमेल स्वतःच सिलिंडर छातीशी धरून आला. काळं ऑइल त्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर पोटापर्यंत ओघळलं होतं.

"फौजी साब, अज ही कर दो. दूध रुकता नहीं जी. गरमी देखो."

बाबुरावनं डायल गेज आत सोडला. आडवं माप घेतलं, मग उभं. सुई दोन्हीकडे वेगळं बोलत होती. सिलिंडर लंबगोल झाला होता, आणि एका बाजूला नख अडकेल असा ओरखडा. आतला जुना पिस्टन अर्ध्याचा होता.

"पाऊणात साफ होतंय," तो सरोजला म्हणाला आणि मग गुरमेलकडे वळला. "पचहत्तर. उसके बाद भी एक बचेगा. दोन ढाई साल आराम से."

"जो मर्जी जी. बस चला दो."

आता अडचण पिस्टनची. बाबुरावच्या दुकानातला एक कायदा होता, आणि तो त्यानं लष्करातून आणला होता. पिस्टन आधी टेबलावर पाहिजे. खोक्यावर माप काही का छापलेलं असेना, पिस्टन हातात घ्यायचा, खालच्या बाजूला मायक्रोमीटर लावायचा आणि जे भरेल त्याच्या हिशेबानं सिलिंडर कापायचा. पिस्टन नसताना मशीनचं टूल धातूला लावायचं नाही, मग समोर जनरल उभा असो. मोठ्या मापाच्या पिस्टनची लुधियानापर्यंतची एजन्सी मात्र नरेशजींकडेच होती.

तेवढ्यात फोन वाजला. नरेशजीच होते. मार्केटात बातमी पिस्टनपेक्षा लवकर फिरते.

"फौजी साहब, चलो, आप जीते," ते म्हणाले. "दूधवाले का पचहत्तर भिजवा रहा हूँ. लड़का गोदाम गया है. आप काटना चालू करो, बेचारा धूप में खड़ा है."

बाबुरावनं फोन ठेवला. त्याचा चेहरा उजळला होता. महिनाभर माणूस स्टुलावर बसून होता, आणि आज समोरच्यानं आपण होऊन हार मानली.

"बघ," तो सरोजला म्हणाला. "म्हटलं नव्हतं? आलं का न्हाई वळणावर?"

"पिस्टन येऊ द्या की आधी."

"येतोय की. त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय."

"तोंडानं सांगितलेला पिस्टन मोजता येतोय व्हय?"

त्याला ते ऐकायचं नव्हतं. गुरमेल दारात उभ्यानं घाम पुसत होता. रस्त्यापलीकडे दोन-तीन मेकॅनिक चहाचे ग्लास धरून बघत होते, आणि फौजीचं मशीन पुन्हा चालू होतंय हे त्यांना दिसावं असं बाबुरावला मनापासून वाटत होतं. त्यानं सिलिंडर बांधला, मध्य साधला आणि मशीन सोडलं. लोखंडाचा काळा चुरा खाली पडू लागला. शेवटचा हात राखून त्यानं पाऊणाच्या अगदी जवळ आणून ठेवला. कापताना तो गुणगुणत होता.

खोका दुपारी आला. आणणाऱ्या पोरानं तो टेबलावर ठेवला आणि लगेच काढता पाय घेतला. बाबुरावनं पिस्टन काढला, मायक्रोमीटर लावला, पुन्हा लावला. मग चष्मा काढून पुसला. पिस्टन पुऱ्या एका मिलिमीटरचा होता. लास्ट साइज.

आता तो सिलिंडर कुठल्याच पिस्टनचा राहिला नव्हता. जुन्याला सैल, आणि नव्याला अजून पाव मिलिमीटर घट्ट. एकच मार्ग उघडा होता, तो नरेशजींचा.

बाबुराव खोका घेऊन तरातरा गेला. सरोज त्याच्या मागं. नरेशजींच्या काउंटरवर एसी लागलेला, पाच-सहा मेकॅनिक उभे. नरेशजींनी खुर्ची पुढं केली, थंड पाणी मागवलं.

"पचहत्तर खत्म निकला जी. मुझे भी अभी पता चला. कोई बात नहीं, लास्ट कर दो. वैसे भी..." त्यांनी मेकॅनिकांकडे बघितलं. "फौजी साहब तो कहते थे, पिस्टन पहले, कटाई बाद में. इस बार क्या हुआ?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. एक म्हणाला, "रिटायर हो गए, साब." बाबुरावच्या मानेवरची शीर तटतटून आली. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण चूक त्याची होती आणि ती त्याला ठाऊक होती. पाण्याचा ग्लास त्यानं दोन घोटांत संपवला आणि तो परत फिरला. उन्हात चालताना त्याचा धरलेला खांदा आणखी खाली उतरलेला सरोजला दिसला. त्या हसणाऱ्यांच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. नवऱ्याच्याही एक द्यावी असं वाटलं.

दुकानाच्या दारात अभिषेक घुटमळत होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आंटी, पचहत्तर पड़ा है उनके पास. मैंने सुबह खुद देखा. मेरा नाम मत लेना."

आत बाबुराव टूल पुढं सरकवून माप लावत होता.

"काय करताय?" सरोजनं विचारलं.

"दिसत न्हाई व्हय? लास्ट करतोय."

"का?"

"मग काय करू? त्याचा सिलिंडर मी फुकट घालवलाय. माणूस दूध घेऊन रस्त्यात हाय." त्यानं चष्मा काढून टेबलावर टाकला. "मी कापला. मीच कापला न बघता."

सरोजनं भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढलं. पंखाही थांबला. दुकानात एकदम उकडायला लागलं.

"सरू, चालू कर ते."

"न्हाई करत. आज ह्याचा केला, की उद्या सगळ्यांचा करशीला. मग ते लस्सी घेऊन येतील रोज. प्या बसून."

"मग पाऊणाचा पिस्टन तू घडवणार हायस?"

"पिस्टनच नको त्यांचा," सरोज म्हणाली. "लायनर घालायचा."

सिलिंडरच्या आतली सगळी लोखंडी भिंत कापून टाकायची, नवीन लोखंडी नळी, म्हणजे लायनर, आत ठोकून बसवायचा, आणि तो पुन्हा पहिल्या मापाला कापायचा. मग मोठा पिस्टन लागतच नाही. स्टँडर्ड लागतो, आणि स्टँडर्ड तर शहरातल्या कुठल्याही शोरूमच्या खिडकीवर मिळतो. नरेशजींच्या दारात जायला नको. पण मेहनत तिप्पट. आणि लायनर बसवताना हात असा पाहिजे की नळी एका दमात सरळ आत जाईल. वाकडी गेली की मधेच धरते, आणि मग ती देवाच्यानंही हलत नाही.

"माझा खांदा," तो म्हणाला.

"मला हायत की दोन."

"लायनर कुटनं आणणार? हितं त्यांच्याचकडं."

"लुधियाना काय लंडनला हाय?"

गुरमेल हे सगळं दारातून बघत होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण आपला सिलिंडर आज होत नाही एवढं कळलं, आणि तो भडकला. "बीबी जी, लास्ट कर दो ना! मेरा नुकसान हो रहा है. हलवाई दूसरा बंदा रख लेगा!"

सरोजनं पदरानं तोंड पुसलं. तिची हिंदी तासगावहून थेट मनीमाजऱ्याला आलेली, वाटेत कुठं थांबलेली नव्हती. "भैया, गलती हमारा हय. लास्ट करेगा तो तुमारा गाडी अगला जून में फिर मरेगा. मेरेको परसो तक टाइम दो. तब तक हमारा स्कूटर लेके जाव."

स्कूटर ओजस्विनीची होती. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा स्कूटर जागेवर नव्हती.

"मम्मी, मुझसे पूछा तो होता! मैं ऑफिस कैसे जाऊँगी?"

"चालत जा. आयटी पार्क दिसतोय हितनं."

"और दूध की बदबू?"

"तुला दूध आवडतच न्हाई ल्हानपणापासनं. आता सवय हुईल."

ओजस्विनी आदळआपट करत वर गेली. थोड्या वेळानं ती खाली आली आणि बापाच्या खांद्याला मलम चोळत बसली. त्याला काय झोंबलंय हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोज त्रेचाळीस सेक्टरच्या स्टँडवरून लुधियानाच्या बसला बसली. नमुन्याला जुना पिस्टन तिनं रुमालात बांधून घेतला होता. ओतकाम करणाऱ्यांच्या गल्लीत तिला पाच ठिकाणी कोणी उभंच केलं नाही. एकानं विचारलं, कोणासाठी पाहिजे? ती म्हणाली, माझ्यासाठी. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. सहाव्या दुकानात ती विचारत बसली नाही. सरळ आत गेली, मांडीवर लायनर घेऊन त्याच्या कडेवर बोट फिरवू लागली. ज्यांच्यात बारीक छिद्रं होती ते तिनं बाजूला काढले. म्हातारा मालक बघत राहिला आणि मग त्यानं आतून चांगला माल काढायला लावला. एका लायनरसाठी गेलेली बाई पोतं भरून परत आली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बीबी, ये छत पे रखो." ती म्हणाली, "सवारी का टिकट निकाल्या ना? फिर ये भी सवारी हय," आणि पोतं पायात दाबून बसली. संध्याकाळी उतरताना तिचे तळवे सोलवटले होते.

बाबुरावनं तोवर जुनी भिंत कापून काढली होती. पातळ होत होत लोखंड संपलं आणि बाहेरच्या अंगाचं पांढरं ॲल्युमिनियम चकाकलं, तेव्हा त्यानं मशीन थांबवलं होतं आणि तो बायकोची वाट बघत बसला होता. या खेपेला त्यानं लायनर हातात आल्याशिवाय टूल त्याच्यापुढं सरकवलं नाही. लायनर मोजला आणि त्याच्यापेक्षा केसभर कमी अशी जागा कापली. गारेगार लायनर आकसेल, तापलेला सिलिंडर पसरेल, तेवढ्या वेळात आत गेला पाहिजे. मग दोघं आपापल्या मूळ मापाला येतील आणि एकमेकांना धरतील.

गॅसच्या शेगडीवर लोखंडी तवा, तव्यावर सिलिंडर, त्यावर पालथं पातेलं. दुसऱ्या बाजूला बर्फ आणि खडे मिठाच्या घमेल्यात लायनर, ओल लागू नये म्हणून पिशवीत गुंडाळलेला. शटर अर्ध ओढलेलं, नाहीतर मार्केटातल्या बघ्यांनी हवा अडवली असती. दुकानाची भट्टी झाली होती. सरोजनं पातेलं उचलून सिलिंडरवर पाण्याचा थेंब सोडला. तो नाचला आणि नाहीसा झाला.

"आता," बाबुराव म्हणाला.

तिनं पिशवी फाडली, लायनर दोन्ही हातांत धरला आणि सिलिंडरवर आणला. कड आत शिरली.

"सरळऽ!" बाबुराव किंचाळला.

ती दचकली. लायनर तसूभर कलला आणि निम्म्यात अडकला. बाबुरावनं हातोडा आणि लाकडी ठोकळा उचलला, पण तोवर उशीर झाला होता. लायनरनं जागा धरली होती. सरोजच्या मनगटाला तापलेल्या सिलिंडरची कड लागली होती आणि कातडी पांढरी पडत होती.

"वरडायचं काय काम हुतं?" ती ओरडली.

"तू वाकडा धरलास!"

"तुमी वरडलासा म्हणून वाकडा झाला! तुमच्या लष्करात माणूस नेम धरताना बी असंच वरडत्यात व्हय?"

बाबुराव हसायला लागला. महिन्याभरात पहिल्यांदा. हसता हसता त्याला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. तिच्या मनगटावर त्यानं बर्फ धरला आणि म्हणाला, "चुकलंच माझं. काल बी आणि आज बी."

"म्हाईत हाय मला. चला, कापून काढा त्यो. पोत्यात हायत अजून."

अडकलेला लायनर कापून काढण्यात अर्धी रात्र गेली. जागा पुन्हा साफ केली, दुसरा लायनर मोजला, पुन्हा शेगडी पेटवली. या खेपेला सरोजनं मनगटाला फडकं गुंडाळलं आणि नवऱ्याला बजावलं, "तुमी तोंडात टॉवेल धरायचा." बाबुराव खरंच टॉवेलचा बोळा दातांत धरून उभा राहिला. पाण्याचा थेंब नाचला. सरोजनं श्वास रोखला, लायनर आणला आणि सोडून दिला. आत जाताना त्यानं एकच जड आवाज केला आणि तो तळाला बसला. बाबुराव टॉवेलमधून काहीतरी म्हणाला. ते शाबासकीचं असावं, पण तिनं विचारलं नाही. ती मटकन खाली बसली आणि बर्फाचं खारट पाणी तोंडावर मारत राहिली.

स्टँडर्ड पिस्टन ओजस्विनीनं शोरूममधून आणून बापाच्या हातात ठेवला होता. बाबुरावनं तो मोजला आणि मग सिलिंडर कापला. सरोजनं दगड फिरवले, साबणाच्या पाण्यात धुतला, फडकं फिरवलं, पुन्हा धुतला. ठरल्याप्रमाणे तिसऱ्या सकाळी अभिषेकनं इंजिन जोडलं. या खेपेला तो उघड्यावर, रस्त्यालाच बसला होता. गुरमेलनं किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली आणि तिचा आवाज नव्या गाडीसारखा गोल निघाला. गुरमेलनं सरोजच्या मनगटाकडे पाहिलं, हात जोडले आणि कॅन बांधून निघून गेला.

मार्केटातलं काम तेवढ्यानं सुरू झालं नाही. मेकॅनिक अजून मान वळवूनच जात होते. पण आठवड्याभरात दूधवाले येऊ लागले. रामगडचे, बरवाल्याचे, नाडा साहिबच्या बाजूचे. मेकॅनिकला मधे न घेता त्यांनी आपल्या अंगणातच इंजिनं उघडली होती आणि सिलिंडर गोणपाटात बांधून ते थेट दुकानात आणत होते. त्यातले कितीतरी लास्ट साइजला कापून वाया गेलेले. बाबुराव ते आतून बघायचा, शिवी हासडायचा आणि सरोजकडे सरकवायचा. फळी भरली. फळीखालची फरशीही भरली. बाबुरावच्या खांद्याचं दुखणं गेलं नाही, पण त्यानं ते बोलून दाखवायचं सोडलं.

मग एका रविवारी ओजस्विनीनं पत्र्याला पांढरा रंग दिला आणि त्यावर लाल अक्षरांत आई सांगेल तसं लिहिलं. "यहाँ लास्ट साइज़ नहीं होता. लायनर डालकर स्टैंडर्ड किया जाता है." पत्रा दारावर लागला. दोन दिवसांत त्याचा फोटो मार्केटातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला. लोक इतर दुकानांत माप विचारू लागले. कापू नका, आधी सांगा कितीचा पिस्टन घालताय, असं म्हणू लागले. नरेशजींचे खोके गोदामात तसेच राहिले.

नरेशजी आले तेव्हा या खेपेला हातात लस्सी नव्हती. ते पत्र्यासमोर थोडा वेळ उभे राहिले, मग आत येऊन स्टुलावर बसले. कपाळावर घाम होता. एसीतून बाहेर निघायची त्यांना सवय नव्हती.

"फौजी साहब, बहुत हो गया," ते म्हणाले. "मार्केट एक परिवार है. कल से सारे मेकॅनिक आपके पास आएँगे, मेरी ज़बान. पचास, पचहत्तर, जो चाहिए मैं दूँगा, आपके टेबल पर रखवा दूँगा. आप अपने तरीके से काम करो, कोई कुछ नहीं बोलेगा."

"और?" बाबुरावनं विचारलं.

"बस ये बोर्ड उतार दो. दूसरे दुकानदार जैसा करते हैं, करने दो. आपका क्या जाता है?"

दोन दूधवाले सिलिंडर मांडीवर घेऊन बसले होते, ते एकदा नरेशजींकडे आणि एकदा फौजीकडे बघत होते. सरोजच्या हातातले दगड थांबले. तिला नवरा माहीत होता. दमलेला होता तो. तिप्पट मेहनत, उन्हाळा, खांदा. मेकॅनिक परत आले असते तर त्याची मार्केटातली जुनी खुर्ची परत मिळाली असती, चहाला हाक आली असती. या वेळी त्यानं स्वतः बोलावं असं तिला वाटत होतं, आणि तो काय बोलेल याची धास्तीही वाटत होती.

बाबुराव उठला. दारात गेला. पत्र्याकडे वर बघत उभा राहिला.

"ओजू," त्यानं जिन्याकडे तोंड करून हाक मारली. "रंगाचा डबा घेऊन ये खाली. आणि ब्रश."

नरेशजींनी सुटकेचा श्वास सोडला आणि रुमालानं मान पुसली. सरोजनं दगड खाली ठेवले.

ओजस्विनी डबा घेऊन उतरली. "क्या करना है, पापा? मिटाना है?"

"मिटवायचं न्हाई," बाबुराव म्हणाला. "शाळंत पंजाबी शिकलीस नव्हं? त्याच्या खाली तेच पंजाबीत लिही. दूधवाल्यांना ते पटकन वाचता येतंय. आणि अक्षर जरा मोठं काढ, नरेशजींच्या काउंटरवरनं दिसलं पायजे."